पावाच्या भट्टीपासून पतपेढीपर्यंत

जर्मनीतील वेस्टरवाल्ड हा डोंगराळ, दरिद्री मुलूख. तेथील हाम या गावी ३० मार्च १८१८ रोजी फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म झाला. सैन्यात असताना डोळ्यांचे दुखणे जडले, ती नोकरी सोडावी लागली आणि १८४५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते वायरबुश परिसराचे महापौर झाले.

पुढल्याच वर्षी पिके बुडाली. सरकारने पीठ पाठविले. मात्र ते रोखीनेच विकण्याची अट घातली. ज्यांच्यासाठी ते आले, त्यांच्याचकडे रोकड नव्हती. रायफायझन यांनी अट बाजूस सारून पीठ उधारीवर वाटले, सधन ग्रामस्थांकडून निधी जमविला, एकत्रित खरेदी केली आणि गावाची सामाईक भट्टी बांधली. पाव बाजारापेक्षा पुष्कळच स्वस्त झाला.

१८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड येथे सुमारे साठ सधनांच्या हमीवर गुरे घेऊन ती शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांनी देण्यात आली. १८५४ मध्ये हेडेसडोर्फ येथेही परोपकाराच्याच पायावर संस्था निघाली. परंतु धनिकांचा उत्साह ओसरला, सभासद गळू लागले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जोखीम त्यांची आणि लाभ दुसऱ्याचा, अशी ती रचना होती. धर्मभीरू रायफायझन यांना हे मान्य करणे जड गेले, त्यास काही वर्षे लागली.

अखेर १८६४ मध्ये त्यांनी घडी बदलली. ज्याला कर्ज हवे, त्याने सभासद व्हावे आणि सर्वांच्या देण्याला आपल्या मालमत्तेनिशी बांधील राहावे. क्षेत्र एखाद्या गावापुरते, म्हणजे शेजाऱ्याचे शेत आणि त्याची सवय दोन्ही ठाऊक. हिशेबनिसाखेरीज कोणास वेतन नाही. नफा न वाटता राखीव निधीत. लाभांशाच्या प्रश्नावरून शुल्त्से-डेलिच यांच्याशी त्यांचा कडवा वाद झाला. पुढे बियाणे, खते, अवजारे यांची सामाईक खरेदीही याच संस्थांतून होऊ लागली.

१८६५ मध्ये प्रकृतीमुळे त्यांना निवृत्त व्हावे लागले. दृष्टी जवळजवळ गेलेली. १८६६ चा ग्रंथ कन्या अमाली हिच्या साहाय्याने सिद्ध झाला. ११ मार्च १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. मद्रास सरकारसाठी अहवाल लिहिणाऱ्या फ्रेडरिक निकोल्सन यांनी रायफायझन यांच्याच पद्धतीचा पुरस्कार केला आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.