डॉ. वाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०)

मुलांना लस टोचावी की नाही, यावर दोह्यातल्या आपल्या घरांतही आई-बापांचे एकमत होतेच असे नाही. वाद जुना आहे. ओडेसात जन्मलेल्या हाफकिनसाहेबांनी आसामात, आपल्या पूर्वजांसारख्याच कराराने बांधलेल्या चहामळ्यांतील मजुरांना पटकीची लस दिली. मुंबईत प्लेग आल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी नवी लस आधी स्वतःलाच टोचली. तरी लोक बिचकत. तरुण आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतली, तेव्हा खोजा कुटुंबे पुढे आली. भीती अगदीच खुळी नव्हती. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका साहेबांवर आला. १९०७ साली ते निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.