तांड्याचा नाईक आणि परभणीचे विद्यापीठ

एखादे शहर आणि एखादे विद्यापीठ यांचे नाते किती घट्ट आहे, हे इमारतींच्या भव्यतेवरून ठरत नाही. शहराचे नाव लोकांच्या तोंडी कशाच्या निमित्ताने येते, यावरून ते ठरते. परभणीचे नाव शेतकऱ्याच्या तोंडी येते ते बियाण्याच्या निमित्ताने. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी यांनी हे नाव मराठवाड्याबाहेरच्या शिवारांतही पोचविले. १९७२ साली स्थापन झालेल्या तेथील कृषी विद्यापीठाला २०१३ पासून, म्हणजे जन्मशताब्दीच्या वर्षापासून, वसंतराव नाईक यांचे नाव आहे. वसंतराव परभणीचे नव्हते. ते यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचे. ज्या बंजारा समाजाची काशी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे आहे, त्या समाजात जन्मलेले.

पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, आणि रामनवमीला तेथे ठिकठिकाणचे तांडे गोळा होतात. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज एकेकाळी भारतीय व्यापाराचा कणा होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि हा धंदा बुडाला. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि बंजाऱ्यांच्या काही गटांनाही त्याची झळ पोचली. धान्य वाहणाऱ्यांना धान्य पिकविणारे व्हावे लागले, तेही बहुधा डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर. वसंतरावांच्या पुढील कर्तृत्वाचा अर्थ ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावाचून लागत नाही.

त्यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. वडील फुलसिंग हे तांड्याचे नाईक. आसपासच्या गावांतून प्राथमिक शिक्षण आटोपून ते नागपूरला गेले, मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि १९४० मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. आरंभी त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली केली, पुढे पुसदला. १९४१ साली वत्सला घाटे यांच्याशी झालेला त्यांचा आंतरजातीय विवाह त्या काळी सोपा नव्हता. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशाच्या विधानसभेवर निवडून जाऊन उपमंत्री झाले, आणि राज्य पुनर्रचनेनंतर मुंबईच्या मंत्रिमंडळात आले.

संयुक्त महाराष्ट्राच्या पहिल्याच वर्षी लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमण्यात आली, तिचे ते अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींतून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शाळेचा शिक्षक आणि पंचायत समितीचा लिपिक ज्या व्यवस्थेत आजही काम करतात, तिचा पाया तो. कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. एवढी सलग कारकीर्द महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेली नाही.

ती सुरू झाली तेव्हा राज्य धान्याच्या तुटीत होते. १९६५ मध्ये, दोन वर्षांत महाराष्ट्र स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फासावर द्यावे, असे त्यांनी पुण्यात जाहीर सभेत सांगितले. या प्रतिज्ञेची थट्टा पुष्कळ झाली. पण तिच्यामागे संकरित ज्वारी, खते, विहिरी आणि कर्जपुरवठा यांचा कार्यक्रम उभा होता. संकरित बियाणे दरवर्षी नवे लागते, आणि ते प्रत्येक जमिनीला व पावसाला जुळेलच असे नाही. संशोधन शेतकऱ्याच्या जवळ असल्यावाचून हा कार्यक्रम टिकणारा नव्हता. कृषी विद्यापीठांची निकड इथून निर्माण झाली.

मात्र विद्यापीठ कोठे, हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय राहिला नाही. ते विदर्भात व्हावे यासाठी १९६७ मध्ये अकोल्यात आंदोलन पेटले, आणि त्यात बळीही गेले. मुख्यमंत्री स्वतः वैदर्भीय असूनही पहिले विद्यापीठ १९६८ साली राहुरीला झाले. १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबरावांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांच्या हाताखाली उमेदवारी केली, त्यांच्या नावाची संस्था शिष्याच्या राजवटीत उभी राहिली. १९७२ मध्ये परभणी व दापोली यांची भर पडली. कोकणचा भात, देशावरचा ऊस, वऱ्हाडचा कापूस आणि मराठवाड्याची ज्वारी यांना एकच प्रयोगशाळा पुरणार नाही, हे तत्त्व असे मान्य झाले. पण त्याची किंमत लोकांनी आधीच मोजली होती.

त्याच वर्षी भीषण दुष्काळ पडला. मागेल त्याला काम देण्याची वि. स. पागे यांची कल्पना वसंतरावांच्या सरकारने उचलून धरली. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये सुरू झाला तो याच रोजगार हमी योजनेसाठी. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराचा भार उचलावा, असा हा अर्थव्यवहार होता.

या कर्तृत्वाला दुसरी बाजूही आहे. सिंचनाचा लाभ ऊसपट्ट्याला अधिक झाला आणि विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष वाढत गेला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो आकड्यांत मांडला. कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याला बियाणे मिळाले, पण पाणी आणि भाव यांची खात्री मिळाली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतकरी आत्महत्यांसाठी जो जिल्हा देशभर ओळखला जाऊ लागला, तो वसंतरावांचाच यवतमाळ असावा, हा दैवदुर्विलास नव्हे. धोरणाच्या अपुरेपणाचा तो हिशेब आहे.

१९७७ मध्ये ते वाशीममधून लोकसभेवर निवडून गेले आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. आजच्या व्यवस्थेनुसार पोहरादेवीचे शिवार अकोल्याच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, परभणीच्या नव्हे. म्हणजे वसंतरावांचे नाव एका विद्यापीठाकडे आणि त्यांच्या मुलखाची जबाबदारी दुसऱ्याकडे आहे. त्यात वावगे काही नाही. नाव कोणाचेही असो, हलक्या जमिनीवरच्या शेतकऱ्याला दोन पावसांमधला खंड सोसणारे वाण आणि वेळेवर सल्ला मिळतो की नाही, यावरूनच या दोन्ही विद्यापीठांची आणि त्यांच्या संस्थापकाची परीक्षा व्हायला हवी.