डॉ. कमल रणदिवे
परंड्याच्या किल्ल्याच्या दरवाजावर पूर्वीं पहारा असे. तसाच आपल्या पेशींतहि असतो. एका पेशीच्या दोन होतांना गुणसूत्रांची नक्कल व वांटणी बिनचूक झाली कीं नाहीं, हें तपासलें जातें. चूक आढळल्यास विभाजन थांबतें. हा पहारा ढळला, तर बिघडलेल्या पेशी बेसुमार वाढूं शकतात; तोच कर्करोग. त्याच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचें आम्ही स्मरण करितों.

त्यांचा जन्म पुण्यास १९१७ सालीं झाला. कन्येनें डॉक्टर व्हावें ही वडिलांची इच्छा. तिनें पेशीशास्त्र पत्करिलें. अमेरिकेहून परतून त्यांनीं मुंबईस, कांचपात्रांत पेशी वाढविणारी देशांतील पहिली प्रयोगशाळा स्थापिली आणि उंदरांवर प्रयोग करून स्तनांच्या कर्करोगाचीं कारणें शोधिलीं. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. २००१ सालीं त्या निवर्तल्या. परंड्याच्या मुलींनीं ही वाट आपली मानावी, असें आम्हांस वाटतें.