ताकुबोकू आणि तांका

मराठी वाचकाला हायकू परिचित झाला तो प्रामुख्याने शिरीष पै यांच्यामुळे. ५-७-५-७-७ अशा पाच खंडांत एकतीस ध्वन्येकके सामावणारा, हायकूहून कितीतरी प्राचीन असा तांका मात्र त्या मानाने दूरच राहिला. या रचनाबंधाला आधुनिक वळण देणाऱ्यांत इशिकावा ताकुबोकू (१८८६-१९१२) याचे स्थान महत्त्वाचे आहे. परंतु तांका हे आपले खरे कार्यक्षेत्र, असे त्याला स्वतःला कधी वाटले नाही.

इवाते प्रांतातील एका झेन पुरोहिताचा हा मुलगा. मोरिओकाच्या शाळेत असताना योसानो आकिको हिच्या 'मिदारेगामी' (१९०१) या संग्रहाने तो भारावला आणि १९०२ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून तोक्योला गेला. 'आकोगारे' (१९०५) हा त्याचा पहिला संग्रह तांकांचा नव्हे, नव्या वळणाच्या कवितांचा आहे. त्याच सुमारास वडिलांचे मंदिरातील पद गेले, त्याचा विवाह झाला आणि विशीच्या आतच कुटुंबाचा भार त्याच्यावर पडला. शिक्षकी, पुढे होक्काइदोत वृत्तपत्रांतील नोकऱ्या, अशी त्याची वणवण झाली.

१९०८ मध्ये तो पुन्हा तोक्योत आला तो कादंबरीकार होण्यासाठी. कथालेखनास यश येईना. त्या जूनमध्ये अवघ्या दोन-तीन दिवसांत त्याने दोनशेहून अधिक तांका लिहिले. तांका त्याला गवसला तो असा, पराभवातून. फुले-ऋतूंच्या संकेतांऐवजी पगार, कर्ज, आई, गाव हे विषय त्यात आले. 'इचिआकु नो सुना' (१९१०) मधील ५५१ तांका त्याने तीन ओळींत मांडले. या मांडणीचे श्रेय त्यालाच देण्याची प्रथा आहे, ती मात्र बरोबर नव्हे. तोकी आइका याने ती काही महिने आधीच योजिली होती. हस्तलिखिताचे मानधन नवजात मुलाच्या औषधोपचारांत खर्ची पडले. मूल महिन्याच्या आत गेले. संग्रहाच्या अर्पणपत्रिकेत ही हकीकत त्याने नोंदविली आहे.

एप्रिल १९१२ मध्ये क्षयाने तो वारला. 'कानाशिकी गांगु' हा दुसरा संग्रह जूनमध्ये तोकीच्या प्रयत्नाने निघाला. त्याचे नावही तोकीनेच ताकुबोकूच्या एका लेखातून घेतले. आपल्या दैनंदिन्या जाळून टाकाव्यात, अशी ताकुबोकूची इच्छा होती. १९०९ मधील एक तर त्याने पत्नीला वाचता येऊ नये म्हणून रोमन लिपीत लिहिली होती. सेत्सुको शिकलेली असल्याने हे कारण फारसे पटत नाही. १९१३ मध्ये तिचाही मृत्यू झाला. दैनंदिन्या तिने जाळल्या नव्हत्या.