युजीन डेब्स : रेल्वे कामगारांचा पुढारी

मुंबईत असताना आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी रेल्वेत नोकरीस असे. म्हणून अमेरिकेतील रेल्वे कामगारांच्या एका पुढाऱ्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

युजीन डेब्स यांचा जन्म 1855 साली इंडियाना राज्यातील टेरे होट गावी झाला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते रेल्वेच्या कारखान्यात लागले व पुढे इंजिनावर फायरमन झाले. इंजिनवाल्यांची युनियन निराळी, सांधेवाल्यांची निराळी, हे त्यांना पसंत नव्हते. 1893 साली त्यांनी सर्वांची मिळून अमेरिकन रेल्वे युनियन काढली. काळ्या कामगारांनाही सभासद करावे असे त्यांचे म्हणणे होते, पण अधिवेशनाने ते मानले नाही.

1894 साली शिकागोजवळच्या पुलमन कारखान्याने मजुरी कापली. कामगारांच्या घरांचे भाडे मात्र तेवढेच ठेवले. कामगारांनी संप केला. युनियनने जूनअखेर पुलमनचे डबे असलेल्या गाड्या चालविण्याचे नाकारले आणि वाहतूक ठप्प झाली. मारामारी करू नका, असे डेब्स तारांमागून तारा करून बजावीत होते.

2 जुलैस कोर्टाने मनाई हुकूम काढला. टपाल व व्यापार अडतो, या कारणावरून अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी शिकागोस लष्कर धाडले. इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी ते मागितले नव्हते. उलट त्यांनी निषेध केला. गुरांच्या बाजारापाशी, रुळांच्या नाक्यांवर शिपाई उभे राहिले. माल सुरक्षित राहावा म्हणून हा बंदोबस्त, परंतु जाळपोळ वाढली ती त्यानंतरच. 6 जुलैस शेकडो मालवाघिणी जळाल्या. दुसऱ्या दिवशी राज्याच्या शिपायांनी जमावावर गोळीबार केला व माणसे मेली. संप मोडला, युनियनही मोडली.

हुकूम मोडल्याबद्दल डेब्स यांना सहा महिन्यांची कैद झाली. सुटल्यावर ते समाजवादी झाले आणि पाच वेळा अध्यक्षपदास उभे राहिले. युद्धाविरुद्ध भाषण केल्याबद्दल 1918 साली त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. 1920 ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच लढविली, तरी नऊ लाखांवर मते पडली. 1921 च्या नाताळात अध्यक्ष हार्डिंग यांनी त्यांना सोडले. 1926 साली ते वारले.

निवडून ते कधीच आले नाहीत. तरी त्यांना मत देणाऱ्या त्या लाखो लोकांना आपले मत वाया गेले असे वाटले नसावे, असे आम्हांस वाटते.