जिजाईचे दारिद्र्य

तुकोबारायांच्या चरित्रात जिजाईचा प्रसंग आला की श्रोते हसायला तयारच असतात. आम्हीही चाळीस वर्षे कीर्तनात तिला कजाग, कर्कशा म्हणून हशा पिकवला. आता साठी उलटल्यावर वाटते, त्या माऊलीवर आमच्याकडून अन्यायच झाला.

जिजाई ही पुण्याचे सावकार अप्पाजी गुळवे यांची कन्या. थोरली रखमाई दम्याने आजारी, म्हणून ही दुसरी सून आणली. देहूच्या मोऱ्यांचे घरही महाजनकीचे. भरल्या घरातून ती भरल्या घरात आली. पुढे सासूसासरे गेले, व्यापार बुडाला, आणि इ. स. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात रखमाई अन्नावाचून गेली, लेकरू संतूही गेला. भूक तेव्हा साऱ्या मुलखालाच होती. तरी तुकोबांना दिवाळे निघाल्याची लाज फार जाळीत होती, हे त्यांनीच आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे. अहो, मजुराला उपास घडतो. दिवाळे निघते ते महाजनाचे.

पुढे तुकोबांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. एक धाकट्या कान्होबाला दिला, दुसरा इंद्रायणीत सोडला. ही कथा आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. पण तो दिवस जरा जिजाईच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहा. कालपर्यंत मुदत मागायला येणारी कुळे आता तिच्या दारावरून ताठ मानेने जाणार. दिराच्या हाती खते आहेत, हिच्या हाती काही नाही. तुकोबांनी शेजारच्या घराकडे पाहणेच सोडले होते, म्हणून त्यांना कशाचे उणे वाटेना. हिने कसे सोडावे? पदराशी पोरे होती. एकाच चुलीवरची भाकरी त्यांना पुरे व्हायची, हिला उणी पडायची.

महिपतीबोवा सांगतात, तिने आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला पुन्हा व्यापाराला धाडले. सावकाराच्या लेकीने दुसऱ्याच्या दारात कर्जाला उभे राहायचे! तो पैसाही तुकोबांनी वाटेत एका नाडलेल्याला देऊन टाकला. मग ती बोलली. विठोबालाही बोलली. बोलेल नाही तर काय करील?

आणि एवढे बोलून भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढायची. नवरा जेवल्याशिवाय तोंडात घास घालीत नसे.

१६५० साली तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा ती गरोदर होती. त्या पोटच्या नारायणबाबांनीच पुढे १६८५ साली देहूहून पालखी काढली.