मलिक अंबर
मलिक अंबर (जन्म : सुमारे १५४८, मृत्यू : १४ मे १६२६) हा अहमदनगरच्या निझामशाहीचा पेशवा, सेनानी व मुत्सद्दी होता. हबसाण (आजचा इथिओपिया) देशात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे दख्खनचा कर्ता कारभारी झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराचा पाया त्याने खडकी या नावाने घातला. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी त्याने बांधलेला भूमिगत कालवा नहर-ए-अंबरी या नावाने ओळखला जातो.

पूर्वायुष्य
त्याचे मूळ नाव चापू असल्याचे समकालीन डच व्यापाऱ्याच्या नोंदीवरून दिसते. बालपणीच त्याची विक्री झाली आणि तांबड्या समुद्राकडील बाजारांतून तो बगदादला पोहोचला. तेथील मीर कासीम या धन्याने त्याला शिक्षण दिले व अंबर हे नाव ठेवले. पुढे निझामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही पूर्वी गुलाम होता. त्याच्या हाताखाली अंबरला दरबार, लष्कर आणि मुलकी कारभार जवळून पाहावयास मिळाला. १५७४-७५च्या सुमारास चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून मुक्त झाला. काही वर्षे त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली. १५९५च्या सुमारास तो निझामशाहीत परतला.

सत्तेचा उदय
१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला व बहादूर निझामशाह कैदेत गेला. राज्य बुडाल्यासारखेच होते. अंबरने राजघराण्यातील मुर्तझा याला परांडा येथे गादीवर बसविले आणि आपली कन्या त्याला दिली. राजू दख्खनी हा त्याचा प्रमुख प्रतिस्पर्धी होता. १६०७च्या सुमारास त्याचा पाडाव करून अंबरने सत्ता एकहाती केली. १६१० मध्ये मुर्तझाचा विषप्रयोगाने मृत्यू झाला. त्यामागे अंबरचा हात होता, असे अनेक इतिहासकार मानतात. त्यानंतर बुऱ्हाण निझामशाह तिसरा गादीवर आला, तरी कारभार अंबरकडेच राहिला. त्याच वर्षी त्याने अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेतला.

खडकी नगराची उभारणी
राजधानी परांड्याहून जुन्नर व दौलताबाद या परिसरात हलविल्यानंतर १६१० मध्ये अंबरने दौलताबादजवळील खडकी या गावी नवे नगर वसविण्यास प्रारंभ केला. नावाप्रमाणेच ही भूमी खडकाळ होती. दौलताबादचा बळकट किल्ला हाताशी असणे हा या जागेचा मोठा लाभ होता. भडकल दरवाजा आणि नौखंडा महाल या त्या काळातील वास्तू होत. त्याच्या पदरी असलेल्या मराठा सरदारांनी येथे पुरे वसविले. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी व विठोजी यांच्यावरून पडली, असे मानले जाते.

नहर-ए-अंबरी
दख्खनच्या पठारावर पाऊस चारच महिने पडतो आणि कातळात पाणी फार टिकत नाही. त्यामुळे मोठी वस्ती, बागा व फौजेची जनावरे यांना बारमाही पाणी मिळणे हा नगराच्या अस्तित्वाचाच प्रश्न होता. अंबरने शहराच्या उत्तरेस खाम नदीच्या वरच्या खोऱ्यातील झिरपणारे भूजल अडविले. तेथून ते दगडी बांधकामाच्या भूमिगत मार्गाने उताराच्या बळावर शहरात आणले. ठरावीक अंतरावर उभी विवरे ठेवल्यामुळे आत हवा खेळती राहत असे व साफसफाईसाठी माणूस खाली उतरू शकत असे. शहरातील हौदांतून पाण्याचे वाटप होई. भूमिगत रचनेमुळे बाष्पीभवन कमी होई. मोगल काळात शहर वाढले तेव्हा याच धर्तीवर आणखी नहरी खोदल्या गेल्या. पाणचक्कीचे जाते अशाच नहरीच्या पाण्यावर फिरते.

मोगलांशी संघर्ष
उघड्या मैदानात मोगल फौज संख्येने वरचढ ठरत असे. म्हणून अंबरने मराठा घोडदळाच्या साहाय्याने रसद तोडणे, रात्री छापे घालणे व डोंगराळ मुलखात शत्रूला दमविणे ही गनिमी युद्धपद्धती अवलंबिली. ती नेहमीच यशस्वी झाली नाही. लखुजी जाधवराव यांच्यासारखे काही सरदार मोगलांना मिळाले, १६१६ मध्ये जालन्याजवळील रोषणगाव येथे अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. पुढील वर्षी शाहजादा खुर्रमशी तह करून त्याला मोठा मुलूख सोडावा लागला. तह मोडल्यावर १६२१ मध्ये खडकीची पुन्हा नासधूस झाली.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेशी त्याची गाठ पडली. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीचा परिसर चिखलमय केला आणि निर्णायक विजय मिळविला. या युद्धात शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजविला. त्यांचे बंधू शरीफजी मारले गेले.

महसूलव्यवस्था
अंबरने जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धत घातली आणि मक्तेदारांचा हस्तक्षेप कमी केला. सारा प्रथम धान्यरूपाने व नंतर रोख घेतला जाई. मलिकंबरी या नावाने ही पद्धत पुढे दीर्घकाळ ओळखली गेली.

मृत्यू व वारसा
१४ मे १६२६ रोजी मलिक अंबरचे निधन झाले. त्याची कबर खुलताबाद येथे आहे. त्याचा पुत्र फतेहखान याने खडकीचे नाव फतेहनगर केले, परंतु त्याला राज्य सांभाळता आले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ मध्ये निझामशाही संपुष्टात आली. १६५३ मध्ये औरंगजेबाने नगराला औरंगाबाद हे नाव दिले, तर २०२३ मध्ये शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. अंबरने राखलेले राज्य त्याच्या मृत्यूनंतर अवघी दहा वर्षे टिकले. त्याची नहर मात्र त्यानंतरही कित्येक पिढ्या शहराला पाणी पुरवीत राहिली. आज वाढती बांधकामे व दुर्लक्ष यांमुळे तिचे अनेक भाग बुजले किंवा नष्ट झाले असून उरलेल्या भागाच्या जतनाचा प्रश्न कायम आहे.